लाव्याची २८ अंडी आणि थर्मोकोलचा डबा: जुलै २०२५ च्या नोंदी

३ जुलै २०२५, गुरुवार

अंडी उबवायचा डबा आला. थर्मोकोलचा आहे, वरच्या झाकणाला काचेची खिडकी, आत दोन ४० वॅटचे पिवळे बल्ब, कॉम्प्युटरमध्ये असतो तसला १२ व्होल्टचा पंखा आणि बाहेर लाल आकड्यांचा डब्ल्यू १२०९ नावाचा तापमानाचा कंट्रोलर. बल्ब दोन ठेवलेत ते बरं केलंय, एक उडाला तरी दुसरा चालू राहील. चिपळूणला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे म्हणून वायरिंग उघडून बघितल्याशिवाय राहवलं नाही, एका ठिकाणी सोल्डर नुसता टेकवलेला होता, तो परत मारला.

बायकोचा पहिला प्रश्न, कोंबड्या का नाहीत. तर कोंबडीला जागा लागते, २१ दिवस लागतात, आणि कोंबडी स्वतः बसते अंड्यावर, तिला डब्याची गरजच नाही. जपानी लावा (क्वेल) मात्र माणसाळता माणसाळता अंड्यावर बसायचंच विसरलाय, अंडं घालते आणि चालायला लागते. म्हणजे यात आपल्याला काहीतरी काम आहे. आणि सगळं १७-१८ दिवसात होतं, माझ्या धीराला तेवढंच झेपतं.

एक गोष्ट आधीच लिहून ठेवतो कारण दुकानात दोघांनी विचारलं: हा शेतात भुर्रकन उडतो तो रानलावा नाही. रानातले लावे वन्यजीव कायद्याखाली येतात, त्यांना पकडायचं नाही, त्यांची अंडी उचलायची नाहीत. हा जपानी लावा, पोल्ट्रीवाला पक्षी, भारतात १९७४ ला आणलेला, आणि पुढे बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या पक्षी संशोधन संस्थेने त्याच्या जाती तयार केल्या.

४ जुलै

डबा रिकामा चालवून बघतोय. कंट्रोलरवर ३७.५ लावलं. बल्ब ३७.५ ला बंद होतो आणि परत लागतो तो थेट ३५.५ ला! म्हणजे अंड्यांना दिवसभर झोका. या कंट्रोलरमध्ये पी १ नावाची सेटिंग असते, किती डिग्री उतरल्यावर परत चालू करायचं ती, आणि कारखान्यातून ती २ वर येते. ०.३ केली. आता बल्ब सारखा मिचमिचतोय पण आकडा जागचा हलत नाही.

मग मनात आलं की हा आकडा तरी खरा कशावरून. घरात थर्मामीटर तीन, तिघांचं तीन सांगणं. त्यावर जुना उपाय म्हणजे ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर, तो ३५ ते ४२ च्या मधेच नेमका असतो आणि आपल्याला पण तेच हवंय. झाकणाला भोक पाडून त्याचं टोक अंड्याच्या उंचीवर आणलं. डब्यावर ३७.५ आणि तो म्हणतो ३८.४. तो सगळ्यात वरचा आकडा धरून ठेवतो त्यामुळे थोडं सोडून द्यायचं, पण पाच वेळा केलं, पाचही वेळा ३८.३ च्या वर. सेन्सर भिंतीला चिकटवलेला होता, तिथे गार. तो सोडवून ट्रेच्या मधोमध आणला, उरलेला फरक पी ४ मधे, म्हणजे आकडा दुरुस्त करायच्या सेटिंगमधे, घातला. आता दोघांचं एकमत आहे.

असाच लावला असता तर अंडी हळूहळू शिजली असती. थोडी थंडी अंडं सहन करतं, जास्तीची उष्णता नाही करत.

५ जुलै

अंडी आली. कराडकडच्या एका लावेवाल्याकडून ३०, आठ रुपयाला एक, कुंभार्ली घाटातून एका ओळखीच्याच्या गाडीने. सध्याचा घाट म्हणजे खड्ड्यात रस्ता शोधायचा, तरी माणसाने डबा मांडीवर घेऊन आणला बिचाऱ्याने. एक फुटलेलं, एकाला केसाएवढी चीर, दोन्ही बाजूला काढली. उरली २८.

लगेच लावायची नाहीत. प्रवासात हलल्यामुळे आतली हवेची पोकळी सैल झालेली असते, म्हणून टोकाकडची बाजू खाली करून घरातल्या गार कोपऱ्यात रात्रभर नुसती ठेवायची. फ्रीजमध्ये अजिबात नाही. आईने रात्री दोनदा विचारलं हे भाजीत घालायचं का म्हणून.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

आईचं म्हणणं, वर्षातून एक एकादशी आणि तुझ्या घरात अंडी. मी म्हणलं आई खायची नाहीयेत, उबवायचीयेत, पुण्याचंच काम आहे. ती म्हणाली पुण्य मला शिकवू नकोस, साबुदाणा वाटीभर जास्त भिजवलाय तो संपव.

सायंकाळी ६:४० ला २८ अंडी आत गेली. पाच अंड्यांवर पेन्सिलने छोटा आकडा घातला आणि सोनाराच्या काट्यावर वजन केलं (दुकानात मोबाईलच्या बारक्या पार्टसाठी आहे तो): पाचांचं मिळून ५५.६ ग्रॅम. हे वजन का ते पुढे येईल. बाकीच्या अंड्यांवर खूण करायचा नाद सोडला, या चट्ट्यापट्ट्यांवर पेन्सिल दिसतच नाही, एका बाजूला फुली दुसऱ्या बाजूला गोल वगैरे सगळं कोंबडीच्या अंड्यांसाठी. मी तळहाताने हलकेच लोळवणार, सकाळी ७, दुपारी २, रात्री १०. दिवसातून तीनदा म्हणजे विषम, म्हणजे रात्रभराची लांब झोप रोज वेगवेगळ्या कुशीवर होते.

डब्याबरोबरच्या कागदावर लिहिलंय पाण्याच्या दोन्ही वाट्या भरा. भरल्या. ओलावा ५८ दाखवतोय. पहिल्या १४ दिवसात ४५ ते ५५ हवा, जरा जास्त आहे, चालेल म्हणलं.

८ जुलै

काही नाही. अंडी लोळवली. पाऊस थांबायचं नाव नाही, वाशिष्ठीचं पाणी वाढलंय, २०२१ च्या महापुरापासून पाणी वाढलं म्हटलं की सगळं गाव मोबाईल हातात धरून बसतं. दुकानातला खालचा माल वर चढवला.

१० जुलै

गाढवपणा सापडला. थर्मामीटर तपासला, ओलाव्याचा मीटर तपासलाच नव्हता. त्याची पद्धत एवढी सोपी की लाज वाटावी: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात थेंबभर पाणी, मीठ ओलं झालं पाहिजे विरघळलं नाही पाहिजे, ते आणि मीटर एका बंद पिशवीत आठ-दहा तास. आत ७५ टक्के येणारच, मिठाचा धर्मच तो. काल रात्री ठेवलं, सकाळी मीटर दाखवतोय ६८. म्हणजे माझा मीटर सात कमी सांगतो. म्हणजे गेले साडेतीन दिवस ५८ नाही, ६५ होता. अंडी बसली पाण्यात म्हणायची.

दोन्ही वाट्या काढल्या. दुपारपर्यंत मीटर ४३ वर आला, म्हणजे खरे ५०. एकही थेंब पाणी नसताना! याचा हिशोब रात्री बसून केला. बाहेर हवा २७ डिग्री आणि ओलावा ९० च्या आसपास, तीच हवा आत जाऊन ३७.५ ला तापली की तिची पाणी धरायची ताकद जवळपास दुप्पट होते, पाणी तेवढंच, म्हणून टक्का उतरून पन्नासवर येतो. कोकणातल्या जुलैत निसर्गानेच वाटी भरून ठेवलीय. तोच डबा मार्चात सोलापूरला लावला तर वाट्या भरूनसुद्धा पुरणार नाहीत. कागद लिहिणाऱ्याला चिपळूण माहीत नाही, हा त्याचा दोष नाही, मी डोळे झाकून ऐकलं हा माझा.

ओलावा एवढा मनावर का घेतला तर अंड्यातून रोज थोडं पाणी उडून जायलाच लागतं. ते गेलं की बोथट बाजूची हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लू कवच फोडायच्या आधी पहिला श्वास त्या पोकळीत घेतं. पाणी कमी उडालं तर पोकळी लहान, पिल्लू फुगलेलं, आणि फिरायला जागा नाही.

१३ जुलै, रविवार, ७ दिवस पूर्ण

पोरीची शाळा नाही म्हणून आजच अंडी बघायचा कार्यक्रम. खोलीत काळोख, मोबाईलचा टॉर्च, त्यावर काळ्या चार्टपेपरची नळी, नळीच्या तोंडावर अंडं. कोंबडीच्या पांढऱ्या अंड्यात शिरा झाडाच्या फांद्यांसारख्या दिसतात, इथे कवचावरचे डागच एवढे की नकाशा बघतोय असं वाटतं. तरी सवय झाल्यावर कळतं: भरलेलं अंडं एका बाजूला काळपट आणि कडेला लालसर, रिकामं नुसतं पिवळं धमक. चार रिकामी, काढली. चार-पाच डोकं खाजवायला लावणारी होती, ती तशीच ठेवली, शंका आली तर ठेवायचं.

२४ राहिली.

पाच खुणेच्या अंड्यांचं वजन: ५३.४. म्हणजे ४ टक्के घट, आत्तापर्यंत साडेपाचच्या आसपास हवी होती. पहिले साडेतीन दिवस दिसतातच आहेत. (पाचातलं एकही रिकामं निघालं नाही हे नशीब, नाहीतर हिशोब बोंबलला असता.)

पोरगी विचारते यांना आत कंटाळा येत नाही का. तिला सांगितलं १९९० साली सोव्हिएत रशियाच्या मीर अंतराळ स्थानकावर लाव्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं होतं, पृथ्वीभोवती गरगर फिरता फिरता. तेव्हापासून ती डब्याला मीर म्हणते.

१७ जुलै, रात्र

लाईट गेली ९:४० ला. इन्व्हर्टर जुना, घरातले पंखे बंद करून फक्त डबा त्यावर ठेवला, तरी ११:५० ला तोही बसला. मग धावपळ. पंखा बंद केला, कारण उष्णता नसताना पंखा फक्त गार करतो. कंट्रोलर १२ व्होल्टवर चालतो म्हणून त्याला यूपीएसची बॅटरी दिली, निदान आकडा तरी दिसावा. गॅसवर पाणी तापवून दोन बाटल्या भरल्या, जुन्या मोज्यात घातल्या, डब्यात कडेला ठेवल्या, अंड्यांना टेकू दिल्या नाहीत. वरून आईची गोधडी, हवेची दोन भोकं उघडी ठेवून. आई झोपेतून उठून आली, मला वाटलं ओरडणार, तर म्हणाली बाटल्या तासाने बदल, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी अशीच विझू द्यायची नसते.

सगळ्यात खाली ३१.२ पर्यंत गेलं. ताप मोजायचा थर्मामीटर तर त्याच्या आधीच हात वर करून मोकळा. ३:२० ला लाईट आली. ११ वा दिवस, आता पिल्लू स्वतःची थोडी ऊब धरायला लागलेलं असतं, एकदा काही तास गार झालं म्हणून संपत नाही, उशीर होतो फक्त. असं वाचलंय. झोप लागली नाही तरी.

१८ जुलै

सकाळी अंडं टॉर्चवर धरलं तर आत हललं. एकच बघितलं. बास.

२० जुलै, १४ दिवस पूर्ण

लोळवणं बंद. पिल्लू आता डोकं पोकळीकडे करून जागा घेतं, त्याला हलवायचं नाही. टॉर्च मारताना एकात रक्ताची गोल कडी दिसली, आत केव्हाच थांबलेलं, काढलं. २३ उरली. पाच खुणेच्यांचं वजन ५०.५, म्हणजे सुरुवातीपासून ९.२ टक्के घट. दहा-अकरा असती तर मी शांत झोपलो असतो. दुसऱ्या आठवड्यात बरीच भरपाई झाली पण पहिल्या आठवड्याचं कर्ज पूर्ण फिटलं नाही.

ट्रे काढून खाली जुना पण स्वच्छ टॉवेल अंथरला, अंडी आडवी आणि एकमेकांना चिकटून. चिकटून मुद्दाम: आतली पिल्लं टकटक करतात, ती शेजारच्या अंड्यात पोचते, आणि मागे असलेलं पिल्लू घाई करतं. म्हणून लावे सगळे जवळजवळ एकदम निघतात. वाट्या परत भरल्या, शिवाय ओला स्पंज. मीटर ६३, खरे ७०. आता झाकण उघडायचं नाही, काही झालं तरी. ओल्या हवेत एकदम कोरडी हवा शिरली तर कवचाच्या आतला पापुद्रा सुकून पिल्लाला प्लास्टिकसारखा आवळतो.

झाकणावर पोरीने कागद चिकटवलाय: "बाबांनी उघडू नये".

२२ जुलै

शांत. दुकानात तीन मोबाईल चुकीचे उघडले.

२३ जुलै

१७ दिवस सायंकाळी पूर्ण झाले, काहीच नाही. शेजारचे काका येऊन बघून गेले, म्हणाले उकडून घे आता. रात्री १०:१५ ला खिडकीजवळच्या अंड्यावर तांदळाच्या कणीएवढी फुटकी जागा दिसली. मग दुसऱ्यावर. कान लावला तर आतून बारीक चीं चीं, पावसाच्या आवाजात दबलेली पण होती. पोरीला उठवायचं नाही असं ठरवलं होतं, उठवलंच.

२४ जुलै, दीप अमावस्या

पहिलं पिल्लू पहाटे ५:०५ ला. जमलं कसं ते सांगतो: बोथट बाजूला कडेकडेने झाकण कापत नेतं, आतल्या आत गोल फिरत, मग पायाने एक ढकलणी आणि झाकण बिजागरीसारखं उघडतं. भिजलेल्या मोठ्या भुंग्यासारखं दिसतं ते. पाच मिनिटं पडून राहिलं, मग उठून शेजारच्या अंड्यांना फुटबॉलसारखं लाथाडत सुटलं. दुपारपर्यंत ९, संध्याकाळी १२.

घरात आई समया-निरांजनं घासून पाटावर मांडतेय, कणकेचे दिवे वाफवतेय, आणि बाहेरून जो येतो तो गटारीचं विचारतो. तीन जणांनी आज हसत हसत "एवढ्याशाने काय होणार, चखणा पण नाही" हाच विनोद केला. पोरगी एकाच्या अंगावर धावून गेली.

पिल्लांना आतच ठेवलंय. पोटात बलक असतो, २४ तास खाणं-पाणी काही लागत नाही, आधी सुकून फुलू देत. झाकण उघडलं नाही. कागदामुळे.

२५ जुलै

आणखी ४, झाली १६. एका अंड्याला काल दुपारी भोक पडलंय पण पुढे काही नाही. वीस तास झाले. यात दोन पक्ष आहेत, एक म्हणतो मदत करू नका, जे निघत नाही ते जगत नाही. मी थांबलो, मग थांबवेना. भोक पडलेली बाकी सगळी निघालेली होती, तेव्हा झाकण उघडून १६ पिल्लं ब्रूडरला, म्हणजे उबेच्या क्रेटमध्ये, हलवली आणि त्या एकाच्या पापुद्र्यावर कापसाने कोमट पाणी लावून कवचाचे दोन-तीन तुकडे काढले, रक्त दिसलं की थांबायचं, नाही दिसलं. अर्ध्या तासाने बाहेर आलं. पाय दोन्हीकडे फाकलेले. चिकटपट्टीची बारीक चिरफळी कापून दोन्ही पाय उभं राहण्याएवढ्या अंतरावर बांधले.

१७. पिल्लू एक साडेसात ग्रॅमचं, म्हणजे पोस्टकार्डावर तीन बसतील.

ब्रूडर म्हणजे प्लास्टिकचा क्रेट, एका कोपऱ्यात बल्ब, बल्बखाली ३६ डिग्री आणि दुसरा कोपरा गार, ज्याला जे हवं ते घेईल. पहिल्या आठवड्यानंतर दर आठवड्याला तीनेक डिग्रीने उतरवत जायचं. खाली वर्तमानपत्र नाही, त्यावर पाय घसरून फाकतात. गोणपाटही नाही, धाग्यात नखं अडकतात. जुन्या चादरीचे तुकडे. पाणी बाटलीच्या झाकणात आणि झाकणात पोरीच्या गोट्या, कारण ही पिल्लं एवढ्याशा पाण्यातही बुडतात. खाद्य ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर (अगदी लहान पिल्लांचं), त्याचे दाणे यांना मोठे पडतात म्हणून मिक्सरमधून काढलं. बायकोच्या मिक्सरमधून. नवीन भांडं आणायचं कबूल करून सुटका झाली.

२६ जुलै

उरलेली ६ फोडून बघितली. घाणेरडं काम, अंगणात करा. एक अगदी सुरुवातीला थांबलेलं. दोन अर्धी वाढलेली, पिसं नुकती फुटत होती, ही बहुतेक त्या १७ तारखेच्या रात्रीची, खात्री नाही. तीन मात्र पूर्ण तयार, चोच पोकळीपर्यंत पोचलेलीच नाही, अंग ओलं चिंब, फुगलेलं. ही तीन माझी. मिठाचं झाकण ६ तारखेच्या आधी लावलं असतं तर कदाचित २० झाली असती.

२८ पैकी १७ म्हणजे ६१ टक्के, फळलेल्या २४ पैकी धरलं तर ७१.

२८ जुलै

सगळ्यात बारकं एक गेलं. पायवाल्याची पट्टी आज काढली, पळतंय, थोडं तिरकं पण पळतंय.

१४ ऑगस्ट

तीन आठवडे. छातीवरची पिसं आली, आता ओळखता येतात: विटकरी सपाट छाती तो नर, राखाडीवर काळे ठिपके ती मादी. १६ मधे ९ नर, ७ माद्या. आपलं नशीब. एका नराला तीन-चार माद्या लागतात, म्हणजे दोन नर पुष्कळ, सात जास्तीचे. श्रावण चालू आहे म्हणून त्यांचं नंतर बघू असं घरात ठरलंय आणि पोरीसमोर तो विषय काढायचा नाही असंही ठरलंय.

तिरका पळणारा मादी निघाला. मादी निघाली.

२९ ऑगस्ट

गणपती बसलेत, घर माणसांनी भरलंय, आणि नरांना कंठ फुटला. कोंबड्यासारखं आरवत नाहीत, घशात शिट्टी अडकल्यासारखा तीन तुकड्यांचा आवाज, पहाटे चारला, पडवीतून. मुंबईचे पाहुणे विचारतात हा कुठला पक्षी, आई सांगते आमच्या मुलाचा.

८ सप्टेंबर

४६ वा दिवस. अंडं. चादरीच्या कोपऱ्यात, ८.४ ग्रॅम, डागसुद्धा नीट पडलेले नाहीत, शाई संपत आलेल्या पेनासारखे. आता दिवस १२ तासांवर आलाय आणि यांना १४-१५ तास उजेड लागतो म्हणून संध्याकाळी एक एलईडी लावून ठेवायला सुरुवात केली.

पहिली अंडी उबवायला घेणार नाही, लहान असतात, दोन-तीन आठवडे जाऊ देत. तोपर्यंत ऑक्टोबर येईल, पाऊस गेलेला असेल, हवेचा हिशोब परत पहिल्यापासून. मीटर आत्ताच मिठाच्या पिशवीत घातलाय.

अंडं आईच्या हातावर ठेवलं. तिने उजेडात फिरवून बघितलं आणि विचारलं, हे तरी भाजीत घालायचं का नाही.